वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर सुटलेली आहाराची घडी

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतर पहिले वर्ष-दीड वर्ष वजन झपाट्याने उतरते. पुढे ते स्थिरावते आणि अनेकांच्या बाबतीत थोडे परत वाढते. थोडी वाढ अपेक्षितच असते. वाढ होतच राहिली, तर बहुतेक वेळा आहाराची घडी विस्कटलेली आढळते. ती पुन्हा बसवता येते, आणि त्यासाठी उपास करावा लागत नाही.

घडी का विस्कटते, हे शस्त्रक्रियेच्या स्वरूपावरून कळते. स्लीव्ह पद्धतीत जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढला जातो. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी साधारण 30 मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्हींत थोड्याशा अन्नाने पोट भरते. भूक चेतवणारे ग्रेलिन हे संप्रेरक कमी होते, विशेषतः स्लीव्हमध्ये. मात्र काही महिन्यांनी भूक हळूहळू परतते आणि एका बैठकीत थोडे जास्त जेवण जाऊ लागते.

खरी अडचण मऊ, गोड आणि तेलकट पदार्थांची असते. वरण-भाकरीने पोट लवकर भरते. चिवडा, बिस्किटे, शेव, आइस्क्रीम मात्र अडथळ्याविना उतरतात. वर्ध्यात सकाळी तर्री पोहे, दुपारी चहासोबत गोरसपाक, संध्याकाळी आलू बोंडा असे थोडे थोडे खाणे दिवसभर चालू राहिले, तर पोट कधीच भरल्यासारखे वाटत नाही आणि उष्मांक मात्र साठत जातात. उन्हाळ्यातला आमरस आणि उसाचा रस याच वर्गातले. बायपास झालेल्यांना अशा गोड पदार्थांनी घाम, धडधड, पोटात मुरडा आणि जुलाबही होऊ शकतात.

घडी बसवण्याची सुरुवात जेवणाच्या वेळांपासून करावी. दिवसातून तीन ठरलेली जेवणे, गरज असेल तर एखादे नियोजित मधले खाणे आणि एरवी तोंड बंद, इतका नियम पुरेसा असतो. लहान घास, सावकाश चावणे आणि साधारण 20 ते 30 मिनिटांत जेवण संपवणे आवश्यक आहे. तृप्तीची पहिली जाणीव झाली की ताट बाजूला करावे. लग्नाच्या पंगतीत आग्रह करणाऱ्या नातेवाइकांना घरच्यांनीच आधी सांगून ठेवले, तर रुग्णावरचा ताण बराच हलका होतो.

ताटात पहिला मान प्रथिनांचा. बहुतेक रुग्णांना रोज 60 ते 80 ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, तर 100 ग्रॅम पनीरमध्ये साधारण 18 ग्रॅम प्रथिने असतात. वर्धा जिल्हा तूर, हरभरा आणि सोयाबीन पिकवणारा आहे. पण पातळ वरणाच्या वाटीतून 5-6 ग्रॅमच मिळतात. म्हणून वरण घट्ट असावे. मोड आलेली उसळ, कमी तेलातले चून, दही आणि मऊ शिजवलेली सोया वडी यांचा आधार घ्यावा. कोरड्या सोया वडीत 100 ग्रॅममागे सुमारे 50 ग्रॅम प्रथिने असतात. आधी हे पदार्थ, मग भाजी आणि शेवटी भात किंवा भाकरी, असा क्रम ठेवावा. ज्वारीची भाकरी वरणात कुस्करली तर सोपी जाते. पाटवडी खावी, पण वरची तर्री टाळावी.

पाणी जेवणासोबत पिऊ नये; जेवणानंतर अर्धा तास थांबावे. विदर्भात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा ही काळजी अधिक लागते. लहान पोटात एकदम तांब्याभर पाणी मावत नाही, म्हणून बाटली जवळ ठेवून दिवसभर घोट घोट घेत दीड ते दोन लिटर पूर्ण करावे. बिनसाखरेचे पातळ ताक चालते. वर्धा दारूबंदीचा जिल्हा असला, तरी बाहेरगावी गेल्यावरही दारूपासून लांब राहणेच हिताचे. बायपासनंतर ती वेगाने भिनते.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या वजन उतरले म्हणून बंद करता येत नाहीत. ब-12, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सहसा आयुष्यभर घ्यावे लागते. लोह आणि कॅल्शियम यांच्यात किमान दोन तासांचे अंतर हवे. शस्त्रक्रिया नागपूर किंवा पुण्याला झालेली असली, तरी दरवर्षी रक्ततपासणी चुकवू नये. त्यासाठी सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघे येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही वर्धा जिल्ह्यातली मोठी शिक्षण-रुग्णालये आहेत. तपासणीचे अहवाल मूळ शल्यचिकित्सकाला जरूर दाखवावेत.

पुन्हा काही दिवस निव्वळ पातळ पदार्थांवर राहून पोट लहान करण्याचा उपाय अनेक जण सुचवतात. त्याने पोट आकसत नाही; उलट प्रथिने कमी पडून स्नायू झिजतात. त्याऐवजी दोन आठवडे खाल्लेल्या प्रत्येक गोष्टीची वेळेसह नोंद ठेवावी आणि ती आहारतज्ज्ञाला दाखवावी. ताण, एकटेपणा किंवा रात्रीच्या जागरणामुळे खाणे वाढत असेल, तर नोंदीतून तेही दिसते आणि समुपदेशनाची दिशा मिळते. सोबत रोजचे चालणे आणि स्नायूंना ताकद देणारे व्यायाम हवेत.

वारंवार उलट्या होणे, घास अडकणे, पोटात तीव्र दुखणे किंवा हातापायांना मुंग्या येणे ही लक्षणे दिसली, तर घरगुती उपाय करत बसू नये. सततच्या उलट्यांनी ब-1 जीवनसत्त्व झपाट्याने घटते आणि मज्जासंस्थेला इजा होऊ शकते. आहार नीट सांभाळूनही वजन चढत असेल, तर त्यामागे औषधे, संप्रेरकांचा बिघाड किंवा पोटाच्या रचनेतला बदल असू शकतो. अशा वेळी रुग्णाला दोष देण्यापेक्षा त्याची पूर्ण तपासणी करणे, हेच योग्य उपचारांचे पहिले पाऊल आहे.