अपडेट फसले, तरी फोन वाचतो. प्रश्न आतील माहितीचा आहे

शाओमीच्या ‘एमआय ए३’ या फोनच्या भारतातील अनेक ग्राहकांवर २०२१ च्या आरंभी विचित्र प्रसंग ओढवला. अँड्रॉइड ११ ही नवी कार्यप्रणाली फोनवर उतरवून घेतली आणि फोन पुन्हा सुरूच होईनात. अखेर कंपनीने ते अपडेट थांबविले आणि हमीची मुदत संपलेली असो वा नसो, असे फोन सेवा केंद्रांत विनामूल्य दुरुस्त करून देण्याची तयारी दाखविली. त्यापूर्वी सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपलचे ‘आयओएस १०’ उपलब्ध होताच काही आयफोन ‘संगणकाला जोडा’ अशी खूण दाखवीत अडून बसले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘आयपॅडओएस १८’ मुळे काही ‘एम४ आयपॅड प्रो’ बंद पडले, तेव्हा त्या मॉडेलपुरते ते अपडेट ॲपलला काही काळ मागे घ्यावे लागले.

तात्पर्य, अपडेट फसले की दोष वापरणाऱ्याचाच असतो असे नव्हे. मात्र त्यानंतर काय वाचते आणि काय जाते, हे पुष्कळदा त्याच्याच हाती असते. बिघडलेली कार्यप्रणाली कंपनीकडून पुन्हा मिळते. घरातील छायाचित्रे, व्हॉट्सॲपवरील संभाषणे, टिपणे आणि दूरध्वनी क्रमांक मात्र अन्यत्र जपून ठेवलेले नसतील, तर जगात कोठेही मिळत नाहीत. म्हणूनच अडकलेल्या फोनवरील उपाय एका ठरावीक क्रमानेच करावयास हवेत. ज्यांत काहीही गमवावे लागत नाही ते आधी आणि सर्व काही पुसून टाकणारा उपाय अगदी शेवटी.

फोन नेमका कोठे अडतो?

कळ दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंत फोनमध्ये एका पाठोपाठ एक अशा काही पायऱ्या पार पडतात. प्रथम चिपमध्ये कायमची कोरलेली आज्ञावली जागी होते. ती ‘बूटलोडर’ला हाक देते. बूटलोडर कार्यप्रणालीचा गाभा तपासून तो सुरू करतो, त्यानंतर उर्वरित प्रणाली आणि सर्वांत शेवटी ॲप उभी राहतात. प्रत्येक पायरीवर पुढील भाग अस्सल आणि अखंड आहे की नाही, याची डिजिटल स्वाक्षरीवरून खातरजमा केली जाते. अपडेट अर्धवट उतरले, मध्येच बॅटरी संपली, साठवणुकीची जागा अपुरी पडली किंवा मूळ अपडेटमध्येच चूक राहिली, तर ही साखळी तुटते.

ती कोठे तुटली याचा अंदाज पडद्यावरून बांधता येतो. कंपनीचे स्थिर बोधचिन्ह दिसून फोन पुन्हा पुन्हा बंद-चालू होत असेल, तर बिघाड आरंभीच्या पायऱ्यांत असण्याचा संभव अधिक. बोधचिन्हाची हलती चित्रे दिसत राहतात, पण पुढे काही घडत नसेल, तर गाभा जागा झाला आहे, प्रणाली पूर्ण उभी राहत नाही, असे समजावे. मुख्य पडदा येऊन फोन पुन्हा बंद पडत असेल, तर संशय एखाद्या ॲपवर घ्यावा. अशा वेळी केवळ मूळ ॲपनिशी चालणारा ‘सेफ मोड’ उपयोगी पडतो. कळ दाबूनही पडदा काळाच राहिला, संगणकालाही फोनचा पत्ता लागला नाही आणि पुरेसे चार्जिंग करूनही फरक पडला नाही, तर घरगुती उपाय तेथेच संपतात.

अँड्रॉइडमध्ये २०१६ च्या ‘नूगा’ आवृत्तीपासून एक चांगली सोय आली. ती असलेल्या फोनमध्ये प्रणालीचे दोन कप्पे असतात. एका कप्प्यावर फोन चालू असताना नवे अपडेट दुसऱ्या कप्प्यात लिहिले जाते. नवा कप्पा सुरू झाला नाही, तर बूटलोडर जुन्याकडे परततो. त्यामुळे अडकलेला फोन काही वेळा स्वतःच बंद-चालू होऊन पूर्वीच्या आवृत्तीसह जागा होतो. त्याला तेवढी सवड मात्र द्यावयास हवी.

आधी धीर, मग कळ

म्हणून पहिला उपाय प्रतीक्षेचा. मोठ्या अपडेटनंतरची पहिली सुरुवात नेहमीपेक्षा बरीच लांबते. फोन मूळ चार्जरला जोडून किमान अर्धा तास तसाच ठेवावा. प्रगती दाखविणारी पट्टी हलत असेल, तर कळा दाबू नयेत. अर्ध्या तासानंतरही काहीच हालचाल नसेल, तर फोनला जोडलेली अन्य उपकरणे आणि मेमरी कार्ड काढून सक्तीने पुन्हा सुरू करावा. पुष्कळ अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर आणि आवाज कमी करण्याची कळ दहा ते वीस सेकंद एकत्र दाबून धरावी लागते. गुगलच्या पिक्सेलमध्ये केवळ पॉवरची कळ सुमारे तीस सेकंद धरावी. आयफोन ८ व त्यापुढील फोनमध्ये आवाज वाढविण्याची कळ दाबून सोडावी, नंतर कमी करण्याची कळ दाबून सोडावी आणि ॲपलचे चिन्ह येईपर्यंत बाजूची कळ धरून ठेवावी. यापैकी कशानेही माहिती पुसली जात नाही.

‘रिकव्हरी’चे दालन

एवढ्याने भागले नाही, तर मुख्य प्रणालीपासून वेगळे असलेले ‘रिकव्हरी’ हे दालन उघडावे. तेथे जाण्याच्या कळा कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे आपल्या मॉडेलची अधिकृत माहिती पाहिलेली बरी. सॅमसंगच्या अलीकडच्या फोनमध्ये फोन बंद करून तो केबलने संगणकाला जोडावा लागतो आणि मग आवाज वाढविण्याची व बाजूची कळ एकत्र धरावी लागते. या दालनात बहुधा स्पर्शाने काही निवडता येत नाही. आवाजाच्या कळांनी वर-खाली जायचे आणि पॉवरच्या कळीने निवड करायची.

येथे प्रथम ‘रीबूट सिस्टम नाऊ’ हा पर्याय वापरावा. ‘वाइप कॅश पार्टिशन’ हा पर्याय असेल, तर त्याने केवळ प्रणालीच्या तात्पुरत्या फायली जातात, छायाचित्रांना धक्का लागत नाही. सॅमसंगच्या यादीत ‘रिपेअर ॲप्स’ असाही पर्याय असतो. ‘अप्लाय अपडेट फ्रॉम एडीबी’ या वाटेने संगणकावरून संपूर्ण अपडेट नव्याने बसविता येते. पिक्सेलसाठी अशी अधिकृत फाइल गुगल स्वतः उपलब्ध करून देते आणि तिने वैयक्तिक माहिती पुसली जात नाही. फाइल नेमक्या आपल्याच मॉडेलची आहे ना, हे पाहणे मात्र अत्यावश्यक. याच यादीत ‘वाइप डेटा’ किंवा ‘फॅक्टरी रीसेट’ हा पर्याय ‘वाइप कॅश’च्या शेजारीच असतो. पॉवरची कळ दाबण्यापूर्वी ओळ दोनदा वाचावी.

आयफोनच्या बाबतीत बहुधा संगणकाची गरज लागते. मॅकवर ‘फाइंडर’, तर विंडोजवर ‘ॲपल डिव्हायसेस’ किंवा ‘आयट्यून्स’ उघडून फोन केबलने जोडावा. वर सांगितलेल्या क्रमानेच कळा दाबाव्यात. फक्त ॲपलचे चिन्ह आल्यावरही बाजूची कळ न सोडता केबल आणि संगणकाचे चित्र दिसेपर्यंत धरून ठेवावी. मग संगणकावर दोन पर्याय येतात: ‘अपडेट’ आणि ‘रिस्टोअर’. पहिल्यात माहिती कायम ठेवून प्रणाली नव्याने बसविण्याचा प्रयत्न होतो. दुसऱ्यात सर्व पुसले जाते. म्हणून आधी ‘अपडेट’च निवडावे. फाइल उतरण्यास पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागला, तर फोन या अवस्थेतून बाहेर पडतो. त्यात घाबरण्याजोगे काही नाही. फाइल उतरू द्यावी आणि तीच कृती पुन्हा करावी.

पुसण्यापूर्वी थांबा

‘आधी पुसू, मग एखाद्या सॉफ्टवेअरने सारे परत आणू’ ही समजूत आता खरी राहिलेली नाही. ‘अँड्रॉइड १०’ ही आवृत्ती २०१९ मध्ये आली, तेव्हापासून नव्या फोनमधील माहिती कूटबद्ध ठेवणे बंधनकारक झाले. आयफोनमध्येही ती कूटबद्धच असते. फॅक्टरी रीसेटमध्ये ही माहिती उलगडणारी किल्लीच नष्ट होते. किल्ली गेल्यावर चिपमध्ये काही उरले, तरी ते निरर्थक अंकांचा ढीग ठरते. रीसेटनंतर सर्व माहिती परत मिळवून देण्याचे आश्वासन देणाऱ्यांकडे म्हणूनच संशयाने पाहावे. बूटलोडरचे कुलूप उघडून नवी प्रणाली भरण्याचा सल्लाही जपून स्वीकारावा, कारण कुलूप उघडतानाच फोन पुसला जातो.

रीसेट करण्यावाचून गत्यंतर नसेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात असावी. चोरीला आळा घालण्यासाठी अशा फोनवर पूर्वीच्याच गुगल किंवा ॲपल खात्याचा परवलीचा शब्द मागितला जातो. तो आठवत नसेल, तर दुरुस्त झालेला फोनही वापरता येत नाही.

सेवा केंद्रात जाताना खरेदीची पावती सोबत न्यावी आणि ‘माहिती न पुसता दुरुस्तीचा प्रयत्न करावा, पुसणे भाग असल्यास आधी विचारावे’ हे कामाच्या पावतीवर लिहून घ्यावे. अधिकृत अपडेटनंतरच बिघाड झाला, हेही त्यावर नमूद करावे. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. फोन दुरुस्तीस देण्यापूर्वी सिमकार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालावे, म्हणजे बँकेचे ओटीपी अडून राहत नाहीत. ई-सिम असणाऱ्यांना मात्र त्यासाठी मोबाइल कंपनीकडे जावे लागते.

खरा उपाय अपडेटच्या आधीचा

अपडेटला होकार देण्यापूर्वी छायाचित्रे आणि व्हॉट्सॲपची प्रत गुगल, आयक्लाउड किंवा घरच्या संगणकावर ठेवावी आणि ती खरोखर तेथे पोहोचली आहे, हे तारखेसह तपासावे. बॅटरी निम्म्याहून अधिक असावी, काही जीबी जागा मोकळी असावी आणि वाय-फाय भरवशाचे असावे. पूर्णतः नव्या आवृत्तीसाठी आठ-दहा दिवस थांबण्यास हरकत नाही. एमआय ए३ किंवा आयपॅड प्रोच्या वेळी पहिल्या दिवसांत थांबलेले ग्राहक सहीसलामत राहिले. सुरक्षेसाठीची छोटी अपडेट मात्र लांबणीवर टाकू नयेत. ती न घेतल्याने होणारे नुकसान फोन अडकण्याहून मोठे ठरू शकते.