जखमेच्या वाटेनें येणारा डाग

विळीवर बोट कापतें, खपली धरते, ती पडते आणि आपण सारें विसरूनही जातों. कांहीं जणांना मात्र हें सुख लाभत नाहीं. जखम भरून येते आणि बहुधा दहा ते वीस दिवसांत नेमक्या त्याच रेषेवर सोरायसिसचा खवलेदार चट्टा किंवा कोडाचा पांढरा डाग उमटतो.

या गोष्टीकडे वैद्यकाचें लक्ष वेधलें तें १८७२ सालीं. ब्रेस्लाउ, म्हणजे आजच्या पोलंडांतील व्रोत्स्वाफ, येथील त्वचारोगतज्ज्ञ हाइनरिख केबनर यांनीं एका सोरायसिसच्या रोग्याची हकीकत सांगितली. घोडा चावला होता तेथें, गोंदलें होतें तेथें आणि ओरखडा उठला होता तेथेंही त्याच्या अंगावर चट्टे उमटले होते. या प्रकारास आज केबनरचेंच नांव आहे.

असें कां व्हावें? कातडीला इजा होतांच तेथील पेशी धोक्याचे संदेश सोडतात आणि शरीराच्या रक्षक पेशी धांवून येतात. एरव्हीं काम आटोपतांच त्या शांत होतात. परंतु ज्यांच्या शरीरांत हे पहारेकरीच बहकलेले असतात, तेथें ते घरच्याच माणसांवर हात टाकतात. सोरायसिसमध्यें त्यांच्या चिथावणीनें कातडी भराभर वाढून खवले साचतात. कोडांत रंग तयार करणाऱ्या पेशीच मारल्या जातात.

इजा मोठीच हवी असें नाहीं. परकराच्या नाडीचा रोजचा काच किंवा वहाणेच्या पट्ट्याचें घर्षणही पुरतें. म्हणून अशा रोग्यांनीं नाडी रुंद व सैल बांधावी, अंग खसखसून घासूं नये, खपली खरवडूं नये, हौसेखातर गोंदवून घेऊं नये. आवश्यक शस्त्रक्रिया मात्र या भीतीनें टाळूं नये. डॉक्टरांस आधीं कल्पना द्यावी.

शेवटीं एक विनंती. कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे. कोड काय किंवा सोरायसिस काय, स्पर्शानें दुसऱ्यास जडत नाहीं. तरीही आपल्या सुशिक्षित घरांतून मुलीच्या कमरेवरील डाग लग्न ठरेपर्यंत झाकून ठेवला जातो. ज्या नाडीच्या काचानें तो उठला, तिच्याच खालीं तो वाढत राहतो. कोडावरील उपचार लवकर सुरू झाले तर गुण येण्याची आशा अधिक असते. तेव्हां तो डाग लपवूं नका. आधीं डॉक्टरांना दाखवा.