कोंडा, साल आणि देठ

कणीक कोंड्यासकट मळावी, फळ सालीसकट खावे, हा आहारशास्त्राचा उपदेश निरोगी माणसास हितकारकच आहे. आफ्रिकेत शल्यचिकित्सक म्हणून दीर्घकाळ काम केलेल्या डेनिस बर्किट यांनी १९७०च्या दशकात तो जगभर पोहोचवला. परंतु ज्यांचे आतडे क्षोभशील, ज्यांच्या दुखण्यास डॉक्टर ‘आयबीएस’ म्हणतात, त्यांस हाच उपदेश किती क्लेशदायक ठरतो, हे माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, स्वयंपाकघरात मी जवळून पाहिले आहे. फ्रान्सिस आणि व्हॉर्वेल या ब्रिटिश डॉक्टरांनी १९९४ साली अशा रुग्णांकडे विचारणा केली, तेव्हा शेकडा ५५ जणांनी कोंड्याने त्रास वाढल्याचे सांगितले; बरे वाटले म्हणणारे अवघे १० होते.

पाण्यात न विरघळणाऱ्या चोथ्याचे भरड कण आतड्याच्या अस्तरास घासतात, तेथे पाणी व श्लेष्मा अधिक स्रवतो, मळ वेगाने पुढे सरकतो; निरोगी आतड्यास जी केवळ चालना, तीच हळव्या आतड्यास कळ वाटते.

म्हणून अक्काचा खरा बंदोबस्त चुलीपूर्वीच, निवडण्याच्या वेळी होतो. मेथीची जुडी सोडून ती आपल्यापुरती कोवळी पाने खुडून घेते आणि देठ इतरांच्या भाजीत टाकते. दुधीची साल काढून, मधला बियांचा भाग कोरून, फोडी बोटाने चेपतील इतक्या मऊ शिजवते. दोडक्याच्या शिरा तासून त्यांची तीळ घालून उत्तम चटणी करते आणि ती मुलांच्या पानात वाढते. टोमॅटो उकळत्या पाण्यातून काढून सोलते व गर गाळणीवर चेपून बियांवाचून घेते. सालीच्या मुगाची जागा धुतलेल्या डाळीने घेतली आहे. मटकीची उसळ मात्र तिने वर्ज्यच केली, कारण तीत साल आणि वायू दोन्ही आले. कणीक ती वस्त्रगाळ करते, पण त्याने गव्हाची सर्व बाधा टळते असे नव्हे: फ्रुक्टान नावाचे कर्बोदक वस्त्रातूनही पार होते, आणि ज्यांस तेच सोसत नाही त्यांस तांदळाची भाकरी बरी. पानावर बसताना प्रथम मऊ भात-वरण, भाजी त्यानंतर. रिकाम्या पोटी कोशिंबीर नाही.

तथापि चोथा सरसकट बरखास्त करणे मला अयोग्य वाटते, कारण त्याने बद्धकोष्ठ बळावते. विरघळणारा चोथा आतड्यास सहसा मानवतो. नेदरलँड्समध्ये २७५ रुग्णांवर झालेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज १० ग्रॅम इसबगोलाने आराम पडला. कोंड्याने तसा लाभ दिसला नाही, उलट तो घेणारे पुष्कळ जण त्रास वाढल्याने मध्येच सोडून गेले. अक्का इसबगोल भरपूर पाण्यात ढवळून, तो फुगण्याआधीच पिते. आरंभ तिने अर्ध्या चमच्याने केला, कारण एकदम मात्रा वाढवली की पोट फुगते.

वजन घटू लागले, शौचावाटे रक्त गेले, वा रात्री झोपेतून उठवणारा त्रास झाला, तर हे सर्व प्रयोग थांबवून विनाविलंब डॉक्टरांकडे गेले पाहिजे, अशी सक्त ताकीद तिला मिळालेली आहे आणि ती ती पाळते. एरवी एका वेळी एकच नवा जिन्नस घ्यायचा, काही दिवस त्याची नोंद ठेवायची, मगच दुसऱ्यास मुभा, असा तिचा शिरस्ता आहे. अशा रीतीने मेथीची पाने मुगाच्या डाळीत शिजून तिच्या ताटात परतली. सध्या गाजराची पाळी आहे, सोलून, किसून, पुरते वाफवून, दुपारच्या भातानंतर दोन चमचे.