ग्रामसभेची दवंडी तुमच्यासाठीच असते

गावात दवंडी फिरते, पंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागते. ग्रामसभा आहे, सर्वांनी हजर राहावे. आपण ऐकतो आणि पुन्हा कामाला लागतो. गोठा आवरायचा असतो, कांद्याला पाणी द्यायचे असते, धाकट्याला तापही आलेला असतो. शिवाय मनात येते, "तिथे जाऊन काय मिळणार? ठरायचे ते आधीच ठरलेले असते."

ठरलेले असते, हे काही वेळा खरेही असेल. पण ते आधी ठरू शकते कशामुळे? आपण जात नाही म्हणून! घरकुलाच्या यादीत कोणाचे नाव आधी, नवी टाकी कुठे, गटार कोणत्या आळीतून, शाळेची पत्र्याची खोली यंदा नीट होणार की पुढल्या वर्षी, या सगळ्या गोष्टी आपल्या चुलीपर्यंत पोचणाऱ्या आहेत. त्यांच्यावर बोलायची जागा एकच, ती म्हणजे ग्रामसभा.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ सालचा आहे. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या आणि गाव, तालुका, जिल्हा अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था उभी राहिली. पुढे ७३ वी घटनादुरुस्ती झाली. ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि ग्रामसभेला राज्यघटनेतच स्थान मिळाले.

आता नीट लक्षात घ्या. ग्रामपंचायत म्हणजे सरपंच आणि निवडून दिलेले सदस्य. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती. तुमचे नाव यादीत आहे ना? मग तुम्ही ग्रामसभेचे सभासद आहात. त्यासाठी अर्ज नको, वर्गणी नको, कोणाची शिफारस नको. घरातील आजी, सून, नुकताच अठरा वर्षांचा होऊन यादीत आलेला मुलगा, सगळेच सभासद.

सभेला गणसंख्या लागते, म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांपैकी जो आकडा कमी असेल तितकी. गावात ६०० मतदार असतील तर ९० माणसे हवीत. मतदार ३,००० असले तर १०० पुरेत. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते. इथेच खरी मेख आहे. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा तिला गणसंख्येची अट नसते! दहा-वीस माणसांत ठराव होतात आणि ते सगळ्या गावाचे ठराव ठरतात. म्हणजे तुम्ही घरी बसलात म्हणून निर्णय थांबत नाही, तो फक्त तुमच्यावाचून होतो.

तीन गावे, तीन ठराव

ग्रामसभेने खरेच काही होते का, असे कोणी विचारील. आपल्याच राज्यातील तीन गावे पाहू.

पहिले हिवरे बाजार. अहिल्यानगर जिल्ह्यातले, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातले, नगर तालुक्यातील हे गाव. पाऊस बेताचा, डोंगर बोडके, विहिरी उन्हाळ्याआधीच कोरड्या. माणसे पोट भरायला बाहेर जात. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावाने ग्रामसभेत बसून एकेक गोष्ट ठरवायला सुरुवात केली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. १९९४ च्या सुमारास गाव आदर्श गाव योजनेत आले. डोंगरावर चर खोदले, बांध घातले, झाडे लावली.

पण चर आणि बांध अनेक गावांनी केले. हिवरे बाजारने त्यापुढची गोष्ट केली. जमिनीत मुरलेले पाणी कोणी कसे वापरायचे, हेही गावानेच ठरवले. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस आणि केळीसारखी जास्त पाण्याची पिके घ्यायची नाहीत. पावसाळा संपला की पर्जन्यमापकाचा आकडा आणि विहिरींची पातळी ग्रामसभेपुढे येते. घरात दिवाळीच्या खर्चाचा हिशोब मांडतात तसा पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी माणसांचे पिण्याचे पाणी, मग जनावरांचे, आणि उरेल ते पिकांना. पाऊस कमी झाला असेल तर रब्बीचे क्षेत्र कमी करायचे, हे सर्वांनी मिळून ठरते. बाहेर गेलेली कुटुंबे गावात परत आली. २०२० साली पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली.

विचार करा, "तू बोअर घेऊ नकोस" असे एकट्या सरपंचाने सांगितले असते तर कोणी ऐकले असते का? शेजाऱ्याने घेतला की आपणही घेतो. सगळ्यांनी एकत्र बसून स्वतःवर घातलेले बंधन तेवढे टिकते.

दुसरे गाव मेंढा लेखा. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील गोंड आदिवासींचे हे लहानसे गाव. इथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांच्या संमतीने होतात. एकाचेही मन वळले नसेल तर विषय पुन्हा चर्चेला येतो. वेळ लागतो खरा, पण झालेला निर्णय सगळ्यांचा असतो. देवाजी तोफा यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ही रीत धीराने जपली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातील अगदी पहिल्या गावांत मेंढ्याचे नाव आहे. तरीही तोडलेला बांबू बाहेर नेण्याचा परवाना गावाच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडला. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले होते. कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांत किती अंतर असते, आणि ते तोडायला गावाची एकजूट किती लागते, हे इथे दिसते.

तिसरे गाव हेरवाड, कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातले. मे २०२२ मध्ये या गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेला की बाईचे कुंकू पुसायचे, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची, हे यापुढे गावात नको. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. या ठरावाला ना निधी लागला, ना ठेकेदार. रस्ता आणि गटार यांच्यापलीकडेही ग्रामसभेचा हात पोचतो, तो असा.

सभेत काय विचारावे?

जुनी माणसे म्हणतात, गाव करील ते राव काय करील. पण गावाने करायचे तर आधी विचारायला शिकले पाहिजे. आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेत मागील वर्षाचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, चालू वर्षाचा विकासाचा कार्यक्रम आणि लेखापरीक्षणातील शेरे ठेवणे पंचायतीवर बंधनकारक आहे. ते मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. पैसा किती आला, कशावर गेला, कोणते काम अपुरे आहे, एवढे तीन प्रश्न पुष्कळ झाले. योजनांचे लाभार्थी निवडायचे असतील तर यादीतील नावे सभेतच वाचली गेली पाहिजेत.

विचारताना माणसावर घसरू नका, कामाविषयी बोला. सरपंचाची अडचणही समजून घ्या. घरपट्टी, पाणीपट्टी आपणच थकवायची आणि दिवे लागत नाहीत म्हणून आपणच ओरडायचे, हे काही बरे नव्हे. पट्टी भरलेल्या माणसाच्या प्रश्नाला वजन असते.

सर्वात महत्त्वाचे, इतिवृत्ताची वही. ठराव झाला की तो लिहिलेला शब्दन् शब्द वाचून घ्या, मगच सही करा. काही गावांत सभा झाल्यावर वही घरोघर फिरते आणि माणसे ओसरीवर उभ्या उभ्या सह्या करतात. असे कधीही करू नका. तुमची सही म्हणजे "मी हजर होतो, मला हे मान्य आहे" असे लिहून देणे आहे.

भगिनींसाठी दोन शब्द

सर्वसाधारण ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. ती कधी आहे, हे पंचायतीत विचारा. चार बायका मिळून जा. हंडा कुणाच्या डोक्यावर असतो, रात्री दिवा नसला तर भीती कुणाला वाटते, अंगणवाडीतील खिचडी कशी असते, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक? पंचायतीत निम्म्या जागा आता स्त्रियांसाठी राखीव आहेत. पण निवडून आलेल्या बाईच्या पाठीशी सभेत बायका बसलेल्या नसल्या, तर तिच्या खुर्चीमागे दुसराच कोणी उभा राहतो.

पुरुष मंडळींनो, त्या दिवशी धारा तुम्ही काढा आणि घरच्या बाईला वेळेवर निघू द्या.

एवढे कराच

पुढची नोटीस लागली की फळ्यापाशी थांबून विषय वाचा. साध्या ग्रामसभेची नोटीस किमान सात दिवस आधी लागायला हवी. रात्री जेवताना घरात त्यावर बोला. आपल्या आळीचा एकच प्रश्न निवडा, तो कागदावर लिहा आणि शेजाऱ्याला बरोबर घ्या. एका सभेत सगळे बदलणार नाही. पहिल्या सभेत कदाचित उत्तरही मिळणार नाही. दुसऱ्या सभेत तोच प्रश्न पुन्हा विचारा. तुमचा प्रश्न वहीत नोंदवला गेला की तो सहजासहजी पुसता येत नाही.

पेरणी चुकली तर एक हंगाम जातो. गावचा ठराव चुकला तर त्याची फळे मुलांना भोगावी लागतात. म्हणून दवंडी ऐकलीत की तासभर काम बाजूला ठेवा आणि निघा.