काळजीची वेळ

दिवसभर कामाच्या गर्दींत दबून राहिलेली काळजी रात्रीं दिवा मालवला कीं हळूच डोकें वर काढते. घरभाडें द्यावयाचें राहिलें आहे, मुलाची परीक्षा तोंडावर आली आहे, आईचा खोकला थांबत नाहीं. एकामागून एक विचार येतात आणि झोंप उडून जाते. "काळजी सोडून द्या," असें आप्तेष्ट सांगतात. पण सांगण्याइतकें तें सोपें नसतें.

हा उपदेश निष्फळ कां होतो, तें अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर व त्यांचे सहकारी यांच्या १९८७ सालच्या प्रयोगावरून कळतें. पांच मिनिटें मनांत येईल तें बोलावें. पांढऱ्या अस्वलाचा विचार मात्र करूं नये, आणि आलाच तर घंटा वाजवावी, असें त्यांनीं विद्यार्थ्यांस सांगितलें. घंटा वारंवार वाजतच राहिली! जें टाळावयाचें तें मनांत आलें नाहीं ना, हें पाहण्यासाठीं मनाला तेंच पुनःपुन्हा चाचपावें लागतें.

म्हणून काळजीला हांकलून देण्यापेक्षां तिला वेळ नेमून देणें बरें. थॉमस बॉर्कोव्हेक व त्यांचे सहकारी यांनीं १९८३ सालीं हाच मार्ग सुचविला. रोज ठराविक वेळीं, ठराविक जागीं, अर्धा तास काळजीसाठीं राखून ठेवावा. एरव्हीं ती आली, तर "त्या वेळीं पाहूं" असें म्हणून हातांतील कामाकडे वळावें. ती जागा अंथरूण मात्र नसावी; नाहीं तर पाठ टेकतांच काळजी आठवण्याची संवय जडते.

त्या अर्ध्या तासांत कागद-पेन्सिल घेऊन बसावें. दुकानदार रोजकीर्द लिहून मगच दुकान बंद करितो. त्यानें देणें फिटत नाहीं; पण तें डोक्यांत घेऊन घरीं जावें लागत नाहीं. त्याचप्रमाणें भाडें कोणत्या तारखेस द्यावयाचें, डॉक्टरांकडे कधीं जावयाचें, हें लिहून काढावें. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या मायकेल स्कलिन यांच्या प्रयोगांत, निजण्यापूर्वीं पांच मिनिटें पुढील कामांची यादी लिहिणाऱ्यांस, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षां सुमारें नऊ मिनिटें लवकर झोंप लागली.

यादीनें आईचा खोकला बरा होत नाहीं, हें खरें. परंतु रात्रभर जागल्यानेंही तो बरा होत नाहीं. उलट सकाळीं तिला दवाखान्यांत नेणारा माणूसच थकलेला असतो. काळजीच्या पोटीं पुष्कळदां मायाच असते. तिला संध्याकाळीं अर्धा तास मोकळ्या मनानें द्यावा, आणि रात्र झोंपेसाठीं ठेवावी.