पाच घरांचा जोगवा

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घरोघरी घट बसतात. पत्रावळीवर काळी माती पसरून तीत धान्य पेरले जाते, अखंड दीप लागतो आणि नऊ दिवस आदिमायेच्या नामगजराने घर भरून राहते. या नऊ दिवसांत, त्यातही मंगळवारी व शुक्रवारी, आपल्या मराठवाड्यातील गावोगावी एक दृश्य आजही पाहावयास मिळते. घरातील सुवासिनी हाती परडी घेऊन उंबरठ्याबाहेर पडते. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळी मळवट, आणि तिच्या पदराला धरून चालणारे घरातले एखादे लहान मूल. शेजारच्या दाराशी उभे राहून ते मूल कोवळ्या आवाजात अंबाबाईचा जोगवा मागते. आतून मूठभर पीठ वा ज्वारी येते, परडीत पडते. देणारी आणि घेणारी दोघीही हात जोडतात. पाच घरे झाली की परडी माघारी वळते.

माहूरगडची श्रीरेणुका आणि तुळजापूरची श्रीभवानी या दोन पीठांच्या छत्रछायेत नांदेड व लातूर हे जिल्हे नांदत आहेत. येथील कितीतरी घराण्यांत जोगवा हा कुलाचार आहे आणि त्यास श्रीमंती आड येत नाही. ज्याच्या घरी धान्याच्या पोत्यांच्या थप्प्या लागल्या आहेत, त्यालाही देवीच्या नावाने पाच दारी उभे राहावेच लागते. आपल्या घरी जे काही आहे ते मुळात आईचे आहे, आपण केवळ सांभाळणारे आहोत, याची वर्षातून एकदा होणारी ही उजळणीच म्हणावयाची. पदराला धरून चालणारे मूल ती न सांगता शिकते.

हे आज सांगण्यास एक निमित्त आहे. सणासुदीच्या दिवसांत गल्लीतील आठ-दहा वर्षांची मुले वही आणि डबा घेऊन आपल्या दारी येतात. कधी शारदोत्सवाची वर्गणी असते, कधी मंदिरातील अन्नदानासाठी शिधा, तर कधी संकटग्रस्तांसाठी मदत. २०२५ साली ऐन नवरात्रात मराठवाड्यावर अतिवृष्टी कोसळली, नद्यांनी काठ सोडले, उभी पिके मातीसह वाहून गेली. तेव्हा आमच्या दारीही अशी मुले आली होती. कीर्तन आटोपल्यावर काही मातापिता मला विचारतात, “महाराज, लेकराच्या हाती डबा द्यावा का? उद्या त्याला मागायचीच सवय लागली तर?” प्रश्न प्रामाणिक आहे. ज्या घरांनी कष्टाने मान मिळविला, त्या घरांना आपल्या मुलाने कोणापुढे हात पसरणे रुचत नाही, हे स्वाभाविक होय. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर शांतपणे शोधले पाहिजे.

आपल्या परंपरेने शिक्षणाचा आरंभच मागण्यापासून केला आहे. मुंज लागलेला बटू प्रथम भिक्षेस निघतो. ती पहिली भिक्षा कोणाकडे मागावी, याचाही विचार मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आढळतो. माता, बहीण किंवा मावशी, म्हणजे जी त्याला विन्मुख धाडणार नाही अशी स्त्री, तिच्यापुढे त्याने प्रथम उभे राहावे. पहिल्याच पावलाला नकार पदरी पडून कोवळे मन कोमेजू नये, ही केवढी काळजी! त्याला लागूनच दुसरा नियम येतो. जमलेली भिक्षा बटूने कसलेही कपट न ठेवता गुरूंपुढे ठेवावी आणि मगच भोजन करावे. मागणे आणि मागितलेल्याचा जाब देणे, या दोन गोष्टी शास्त्रकारांनी एकापाठोपाठ सांगितल्या आहेत. मुंजीचा संस्कार काही घरांपुरताच राहिला हे खरे. परंतु जोगव्याच्या परडीने तीच शिकवण अठरापगड जातींच्या उंबरठ्यांवर नेऊन पोहोचविली.

दसऱ्याच्या आपट्यामागील कथाही एका मागणाऱ्या विद्यार्थ्याचीच आहे. कालिदासाने रघुवंशाच्या पाचव्या सर्गात ती वर्णिली आहे. वरतंतु ऋषींचा शिष्य कौत्स विद्या संपादून गुरुदक्षिणेचा आग्रह धरतो. गुरू नको म्हणत असताही हट्ट सोडीत नाही. शेवटी गुरू रागावून चौदा विद्यांचे चौदा कोटी माग असे सांगतात. कौत्स रघुराजाच्या दारी येतो, पण राजाने नुकताच विश्वजित यज्ञात सर्वस्व दान केलेले. अतिथीला अर्घ्य देण्यास त्याच्याजवळ मातीचे पात्र तेवढे उरलेले! तरीही याचक विन्मुख जाऊ नये म्हणून रघू कुबेरावर स्वारीची सिद्धता करतो आणि पहाटे कोषागारात सुवर्णाची वृष्टी झालेली आढळते. राजा म्हणतो, सारे घेऊन जा. कौत्स म्हणतो, गुरूंना द्यावयाचे तेवढेच नेईन, अधिक नको. देणाऱ्याला राखून ठेवणे नको आणि घेणाऱ्याला जास्तीचे नको, असा तो अलौकिक तंटा पाहून अयोध्येचे नागरिक दोघांचीही वाखाणणी करतात. पुढे लोकपरंपरेने ते सुवर्ण शमीच्या वा आपट्याच्या झाडाशी आणून जोडले आणि उरलेले सोने लोकांनी लुटले असे सांगितले. दसऱ्याला आपण जे पान हाती देतो, त्यात कौत्साचा हा संयम दडलेला आहे.

या दोन उदाहरणांवरून याचना आणि जोगवा यांतील अंतर ध्यानी येईल. स्वतःच्या लोभासाठी पसरलेला हात खाली जातो. गुरूसाठी, देवासाठी, भुकेल्यासाठी पसरलेला हात मात्र मानच वाढवितो. अट एवढीच की, ज्याच्यासाठी मागितले त्याच्यापर्यंत ते पोहोचले पाहिजे.

आपल्या या भागाला तर ही गोष्ट पोथीतून शिकण्याची गरजच राहिली नाही. १९९३ साली २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणरायाला निरोप देऊन माणसे उशिरा निजली आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली. औसा तालुक्यातील किल्लारी, पलीकडे तेव्हाच्या उस्मानाबाद व आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर आणि भोवतालची गावे क्षणार्धात ढिगारे झाली. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या दगडमातीच्या जाड भिंती व वरची माळवदे निजलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार जीव गेले. ५२ गावे जमीनदोस्त झाली. त्यापाठोपाठ पितृपक्ष आला. ज्यांनी तर्पण करावे तेच उरले नाहीत, अशी घरे होती. मग नवरात्र आले, पण घट बसवावयाला छप्पर कोठे होते?

त्या दिवसांत साऱ्या देशातून मदतीचा ओघ लागला. मोठ्या संस्थांनी गावे दत्तक घेतली. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. या मोठ्या कामांची नोंद झाली आणि ती योग्यच होय. परंतु त्याच वेळी महाराष्ट्रभर शाळाशाळांतील मुलेही शेजाऱ्यांच्या दारी फिरून कपडे, भांडी, धान्य, पैसे गोळा करीत होती.

औसा भागातील एका शाळेत आलेले सामान उतरवून घेण्याच्या कामी मीही तेव्हा होतो. गव्हाच्या, तांदळाच्या पोत्यांमध्ये एक लहानशी पिशवी निघाली. तीत गहू, ज्वारी, तांदूळ, तूरडाळ, मूग सारे एकत्र मिसळलेले. सोबत वहीच्या पानावर गिरविलेल्या अक्षरांतील चिठ्ठी होती: “आमच्या वर्गाने २७ घरी फिरून जमविले. दोन घरी कुलूप होते.” आम्ही ते धान्य निवडून वेगवेगळे करावयास बसलो, तोच शेजारी बसलेली एक म्हातारी, जिच्या घरची तीन माणसे गेली होती, ती म्हणाली, “निवडू नगा, महाराज. जोगव्याचं धान निवडत नसतेत. हाय तसंच शिजू द्या.” त्या संध्याकाळी त्या धान्याची खिचडी झाली. कोणत्या घरची मूठ कोणती, हे कोणालाच सांगता आले नसते. जोगव्याचा अर्थ मी अनेक वर्षे कीर्तनात सांगत होतो. त्या माउलीने तो एका वाक्यात सांगून टाकला.

त्या वर्षी परडी आपल्या हाती होती आणि साऱ्या देशाचे दार आपल्यापुढे होते. म्हणून आज लातूर-नांदेडच्या कोणत्याही दारी एखादे मूल डबा घेऊन उभे राहिले, तर ते आपल्याला परके वाटू नये.

मुठीमुठीचे सामर्थ्य महाराष्ट्राने इतरत्रही अनुभवले आहे. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी घरोघरीच्या मूठभर धान्यातून वसतिगृहांतील मुलांच्या अन्नाची सोय करणारा मुष्टिफंड उभारला. निजामी राजवटीत मराठवाड्यात शाळा थोड्या होत्या. तेव्हा खेड्यांतून आलेली कितीएक मुले वार लावून, माधुकरी मागून शिकली. पुढे त्यांतील अनेकांच्या घरी दुसऱ्या मुलांचे वार लागले. घेतलेल्या मुठीची आठवण राहिली की ती अशी परत फिरते.

मग आज पालकांच्या मनी शंका का यावी? याचे कारण, मागण्याची रीत बिघडली आहे. आकडा आधीच लिहिलेली पावती हाती ठेवली जाते. अमक्याने इतके दिले, तुम्ही इतकेच का, अशी तुलना होते. कोठे रस्त्यात वाहने अडविली जातात. थोरांची ही तऱ्हा पाहून मुले तीच उचलतात. ज्या दारी धाक आला तेथून दान निघून गेले, असे समजावे. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना देश, काळ आणि पात्र पाहून, परतफेडीची आशा न धरता, कर्तव्य म्हणून दिलेले दान श्रेष्ठ मानले आहे. भिडेपोटी दिलेले त्यात बसत नाही. लौकिक कायदाही येथे जागा आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातील ४१क या कलमान्वये उत्सवासाठी निधी जमविणाऱ्या मंडळांना धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते व हिशेबही द्यावा लागतो. बटूने गुरूंपुढे भिक्षा ठेवण्याचा जो नियम, त्याचेच हे आजचे रूप होय.

तेव्हा मातापित्यांनी मुलाला अडवू नये, पण एकटेही सोडू नये. पहिली मूठ आपल्याच घरातून, त्याच्या आईच्या हातची, त्याच्या डब्यात पडू द्यावी. ओळखीची पाच घरे पुरेत. कशासाठी मागत आहोत हे त्याला एका वाक्यात सांगता यावे. कोणी नाही म्हटले तर राग न धरता नमस्कार करून पुढे जाण्यास शिकवावे. जे मिळेल ते वहीत त्याच्याच हातून लिहून घ्यावे, आणि मुख्य म्हणजे ज्याच्यासाठी मागितले त्याच्या हाती ते देताना मुलाला सोबत न्यावे. ही शेवटची पायरी चुकली तर पुढच्या वर्षी मूल केवळ डबा वाजविणे तेवढे लक्षात ठेवील.

दारातल्या गृहस्थानेही आपला धर्म सांभाळावा. मुलांना “उद्या या” म्हणून पिटाळू नये. काय, कोणासाठी, कोठे, हे आपुलकीने विचारावे. त्या विचारण्यातून मूल जबाबदार होते. शक्य असेल तर घरातील लहानग्याच्या हातून मूठ घालवावी. एक बालक मागते आणि दुसरे देते, हे पाहून जगदंबेला जो संतोष होईल तो मोठ्या नैवेद्यानेही होणार नाही.

यंदा विजयादशमीस सीमोल्लंघन करून आपण सोने वाटाल, थोरांच्या पाया पडाल. तत्पूर्वी नवरात्रातील एखाद्या मंगळवारी वा शुक्रवारी घरातील मुलाच्या हाती परडी द्या आणि शेजारच्या पाच दारी त्याला उभे करा. जमलेले धान्य न निवडता कोणा गरजवंताच्या चुलीपर्यंत पोहोचवा. माहूरनिवासिनी आई रेणुका आपल्या सर्वांच्या लेकरांना देणारे हात आणि निर्मळ मन देवो, एवढीच तिच्या चरणी प्रार्थना.