सोनेरी रंगाचा पुरावा : घरी केलेला तोन्कात्सु

या व्याख्यानमालेत गेले काही महिने आपण प्रमाणांचा विचार करतो आहोत. मागच्या वेळी अनुमान झालं. तेव्हा आम्ही न्यायशास्त्रातलं ते नेहमीचं उदाहरण दिलं होतं : पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, जसा महानसात असतो. महानस म्हणजे स्वयंपाकघर. हे उदाहरण आम्ही जन्मभर वर्गात शिकवलं, पण खुद्द महानसात आमचं जाणं चहा करण्यापुरतंच होतं. निवृत्तीनंतर तिथे पाय ठेवला आणि पहिल्याच मोठ्या प्रयोगात आमचं अनुमान सपशेल चुकलं. आज त्याच प्रयोगाविषयी बोलू. पदार्थ आहे तोन्कात्सु, म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला डुकराच्या मांसाचा जपानी कटलेट. जे हे मांस खात नाहीत त्यांनी कृती सोडावी आणि तर्क तेवढा घ्यावा, तो कुठल्याही तळणीला लागू पडतो.

नाव आणि वस्तू

आपल्याकडे कटलेट म्हटलं की उकडलेल्या बटाट्याची, भाज्यांची किंवा खिम्याची थापलेली वडी डोळ्यांसमोर येते. मूळ शब्दाचा अर्थ मात्र मांसाचा अख्खा काप असा आहे. तोच शब्द जपानी उच्चारात 'कात्सुरेत्सु' झाला, त्याचं आखूड रूप 'कात्सु'. 'तोन' म्हणजे डुक्कर. जपानीत 'कात्सु' या उच्चाराचा 'जिंकणे' असाही अर्थ होतो, म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलांना तोन्कात्सु खाऊ घालण्याची तिकडे प्रथा आहे. आपण दहीसाखर देतो, तसंच.

वरच्या चुऱ्याला 'पांको' म्हणतात. 'को' म्हणजे पूड आणि 'पान' म्हणजे पाव. हा 'पान' आणि आपला 'पाव' सख्खे भाऊ आहेत, दोघांचाही जन्म पोर्तुगीज शब्दातून झाला. पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानला पोहोचले, आमच्या वसईत ते १५३४ पासून १७३९ पर्यंत होते. आम्ही वसईचे ख्रिस्ती. सणासुदीला डुकराचं मटण सिरका आणि मसाला घालून मंद आचेवर तासभर शिजवणं ही आमच्या घरातली रीत. त्यात कच्चं राहण्याची भीती नसते. तळलेला जाड काप ही मात्र आमच्यासाठी नवी गोष्ट होती.

जपानलाही ती फार जुनी नाही. इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मु याने काही प्राण्यांच्या मांसावर बंदी घातली. पुढे बौद्ध विचारांच्या प्रभावाखाली मांसाहार शेकडो वर्षं गौण राहिला. १८७२ मध्ये सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं आणि पाश्चात्य खाण्याला प्रतिष्ठा आली. तोक्योच्या गिन्झा भागात १८९५ साली सुरू झालेल्या रेंगातेइ या उपाहारगृहाने १८९९ मध्ये डुकराचा कटलेट भरपूर तेलात, तेम्पुरासारखा तळून द्यायला सुरुवात केली असं सांगतात. सोबत बारीक चिरलेला कच्चा कोबी आला तोही तिथूनच. पुढच्या काही दशकांत काप जाड होत गेला आणि आजचा तोन्कात्सु तयार झाला.

हा 'जाड होत गेला' एवढा तपशील लक्षात ठेवा. आमची सगळी चूक त्याच्यात आहे.

आमची चूक

आमचा मुलगा तोक्योत, निशिकासाईला राहतो. तिथे बरीच मराठी कुटुंबं आहेत. त्याच्याकडे आम्ही दोघं दोन महिने राहिलो. घराजवळ तोन्कात्सुचं एक लहानसं दुकान होतं. समोर बसून आम्ही त्या वयस्कर आचाऱ्याचे हात बघत असू. तो काप तेलातून फिकट सोनेरी असतानाच काढायचा, जाळीवर उभा ठेवायचा आणि चार-पाच मिनिटं त्याच्याकडे बघायचासुद्धा नाही. मग कापून पुढे करायचा. आम्हाला वाटायचं, निवायला ठेवला असेल.

डिसेंबरात मुलगा, सून आणि नातू वसईला आले. आम्ही जाहीर केलं की तोन्कात्सु आम्ही करणार. दुकानातून दोन सेंटिमीटर जाडीचे काप आणले, फ्रिजमधून काढले ते थेट घोळवले. पांको नव्हता म्हणून नेहमीच्या गोडसर स्लाइस ब्रेडचा चुरा केला. गॅस मोठा ठेवला. अडीच मिनिटांत असा देखणा सोनेरी रंग आला की आम्ही खूश. लगेच काढले, कापले, वाढले. नातवाने तुकडा उचलला, निरखून पाहिला आणि म्हणाला, "आजोबा, हे आत गार आहे." मधला भाग ओलसर, अर्धपारदर्शक, कच्चाच होता. आमच्या पत्नीने तोवर दोन तुकडे खाल्ले होते.

पुढचे काही दिवस आम्ही तिच्या प्रत्येक खोकल्याकडे कान लावून होतो. तिला काही झालं नाही. पण 'काही झालं नाही' म्हणून 'ते सुरक्षित होतं' असं म्हणणं, हे पुन्हा आमच्या पहिल्या चुकीसारखंच वाईट अनुमान ठरलं असतं.

तर्क कुठे फसला

आमचं अनुमान असं होतं : हा काप आत शिजलेला आहे, कारण तो बाहेरून सोनेरी आहे. इथे सोनेरी रंग हा हेतू आणि शिजलेलं असणं हे साध्य. आता प्रश्न विचारायचा तो व्याप्तीचा. जिथे जिथे सोनेरी रंग, तिथे तिथे आत शिजलेलं, असं खरोखर असतं का?

अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त उपाधीचं उदाहरण आहे. धुरावरून अग्नी ओळखता येतो, पण अग्नीवरून धूर ओळखता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला ओलं सरपण लागतं. हे ओलं सरपण म्हणजे उपाधी, म्हणजे आपण गृहीत धरलेली पण न तपासलेली अट. ती असेल तरच अनुमान चालतं. ती नसेल तर हेतू सव्यभिचार होतो. सोप्या भाषेत, खूण असते आणि वस्तू नसते.

आमच्या कापाची उपाधी होती वेळ : उष्णता मध्यापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ. पातळ कापात रंग येईपर्यंत आतही शिजतं, म्हणून तिथे रंगावर विसंबलं तरी निभावतं. काप जाड झाला की ही सोबत तुटते. रंग हा बाहेरच्या कोरड्या चुऱ्याचा मामला आहे. तेल १७० अंशांवर असतं, चुऱ्यातलं पाणी उडालं की तो तांबूस होऊ लागतो, आणि ब्रेडमध्ये साखर असेल तर आणखी लवकर. आतलं मांस पाण्याने भरलेलं असतं. तिथे उष्णता थराथराने, सावकाश सरकते. बाहेर आणि आत अशी दोन वेगवेगळी घड्याळं चालू असतात. आम्ही बाहेरचं बघून आतली वेळ सांगितली.

कृती, कारणांसकट

आता नीट करू. चार जणांसाठी चार काप, प्रत्येकी साधारण १२० ते १५० ग्रॅम. पाठीचा बिनहाडाचा भाग मागावा, कडेला चरबीची पट्टी असलेला. जाडी दीड सेंटिमीटर. याहून जाड काप सरावानंतर.

पहिलं, काप अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढावेत. गार गाभा तापायला जास्त वेळ लागतो, तोवर बाहेरचा चुरा पुढे निघून जातो.

दुसरं, चरबी आणि मांस जिथे जुळतात तिथे सुरीच्या टोकाने चार-पाच छेद द्यावेत. तिथली चिवट पट्टी तेलात आखडते आणि काप वाटीसारखा वाकतो. वाकलेला काप सगळीकडे सारखा शिजत नाही. मग लाटण्याने हलकेच थोपटून जाडी एकसारखी करावी. मीठ, मिरपूड लावावी.

तिसरं, तीन थर. आधी मैदा : तो पृष्ठभागाचा ओलावा टिपतो. जास्तीचा झटकून टाकावा, कारण जाड थर तेलात सुटून येतो. मग फेटलेलं अंडं : ते मैद्याला धरतं आणि तापल्यावर घट्ट होतं. मग चुरा : तो अंड्याला धरतो. क्रम बदलला किंवा एखादी जागा मैद्याविना राहिली की नेमकं तिथेच कवच गळतं. एक हात कोरड्यासाठी, एक ओल्यासाठी ठेवावा, नाहीतर बोटांचेच कटलेट होतात.

पांको नसेल तर आदल्या दिवशीचा, शक्यतो बिनगोडाचा पाव घ्यावा, कड काढावी आणि जाड किसणीवर किसावा. मिक्सरमध्ये बारीक पूड करू नये. मोठ्या, अणकुचीदार कणांमध्ये वाफेला वाट मिळते, म्हणून कवच कुरकुरीत राहतं. चुरा हलका दाबावा, थापू नये. घोळवलेले काप दहा मिनिटं तसेच ठेवावेत.

चौथं, तेल. कढईत निदान तीन-चार सेंटिमीटर, १६५ ते १७० अंश. तापमापक नसेल तर चुऱ्याचे दोन कण टाकून बघावेत. नुसते पडून राहिले तर तेल गार आहे. क्षणात काळपटले तर फार तापलंय. संथ बुडबुडे काढत पसरले की ठीक. एका वेळी एक किंवा दोनच काप सोडावेत, गर्दी केली की तेल निवतं. पहिलं दीड मिनिट हलवू नये, कवच बसू द्यावं. मग उलटावं. एकूण पाच ते सहा मिनिटं.

इथे कानांचा उपयोग करावा. सुरुवातीला बुडबुडे मोठे आणि आवाज जाडसर असतो, कारण पाणी जोरात बाहेर पडत असतं. ओलावा कमी झाला की बुडबुडे बारीक होतात आणि आवाज चढा, कोरडा होतो. ही खूण रंगापेक्षा बरी, तरीही ती खूणच.

पाचवं, विसावा. काप जाळीवर, जमल्यास उभा, चार मिनिटं ठेवावा. बाहेरच्या थरातली उष्णता अजून आत सरकत असते. शिजणं कढईबाहेर पुरं होतं. तोक्योचा तो आचारी काप निववत नव्हता, शिजवत होता. कागदावर आडवा ठेवला तर खालची बाजू वाफेने मऊ पडते.

प्रत्यक्षाकडे

आणि सहावं, मोजणं. तापमापकाचं टोक कडेने मध्यापर्यंत घालावं. अमेरिकेच्या कृषी विभागाने २०११ मध्ये अख्ख्या कापासाठी ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटं विसावा ही मर्यादा ठरवली. त्याआधी ती ७१ होती. आपल्याकडे जनावर कुठे वाढलं, तपासणी झाली की नाही, याची खात्री दर वेळी नसते. म्हणून आम्ही घरी जुनाच ७१ चा आकडा धरतो. मांस किंचित कोरडं होतं, होऊ द्यावं. आतला गुलाबी रंगही पक्का पुरावा नाही. पुरेसं तापलेलं मांस कधी गुलाबी दिसतं, कधी कच्चं मांस फिकट दिसतं. कापमापनाचं यंत्र हाताशी असताना अनुमान कशाला करायचं?

शेवटी तोंडी लावायला वूस्टर सॉस, टोमॅटो केचप, थोडा सोया सॉस आणि चिमूटभर साखर एकत्र करावी. सोबत मोहरीची चटणी, गरम भात आणि बारीक चिरलेला कोबी.

कोबीविषयी एक शब्द बोलल्याशिवाय थांबता येत नाही. डुकराच्या मांसातून पट्टकृमी होतो आणि डोक्यात जातो, असं आपण ऐकतो. यात दोन गोष्टींची गल्लत आहे. कच्च्या मांसातल्या अळीमुळे आतड्यात पट्टकृमी होतो, आणि ती अळी नीट शिजवल्याने मरते. मेंदूतल्या गाठी होतात त्या या कृमीची अंडी पोटात गेल्यामुळे. ती अंडी कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या हातांवाटे, दूषित पाण्यातून, कच्च्या भाजीवरून येतात. जन्मात मांस न खाल्लेल्यालाही हा आजार होऊ शकतो. म्हणजे ताटात ज्याच्याकडे आपण संशयाने बघतो तो काप ७१ अंशांतून तावून निघालेला असतो, आणि ज्याच्याकडे कुणी बघत नाही तो कोबी कच्चाच असतो. त्याची बाहेरची पानं टाकावीत, उरलेलं पान न् पान सुटं करून वाहत्या पाण्यात धुवावं, मगच चिरावं. मांसाची पाटी आणि सुरी वेगळी ठेवावी. हात साबणाने धुवावेत.

त्या डिसेंबरात नातू जाण्याआधी आम्ही पुन्हा तोन्कात्सु केला. या वेळी तापमापक त्याच्या हातात दिला. त्याने आकडा मोठ्याने वाचला आणि पहिला तुकडा आजीच्या ताटात वाढला. तिने आमच्याकडे एकदा बघितलं आणि खाल्ला.

पुढच्या व्याख्यानात शब्दप्रमाण घेऊ : दुसऱ्याच्या सांगण्यावर कधी विश्वास ठेवावा. आज आम्ही सांगितलेले आकडेही तेव्हा तपासायला घ्या.